पान एक्केचाळीस

शुक्रवारी चार वाजता, मंगफला, सहाव्या मजल्यावर
केंकरे आधी दारातल्या सगळ्यांच्या चपला सरळ लावतात,
मग वाद उकरतात.
आज जुनी कादंबरी. एकच प्रत, नऊ घरं फिरलेली,
पाठीला सेलोटेप, पान बारावर हळदीचं बोट.
ते माझं आहे. मी अजून कबूल केलेलं नाही.

केंकरे म्हणतात, भाषा बघा, एक वाक्य सैल नाही.
संघरत्न म्हणतो, घट्ट आहे कारण आत माणसंच कमी घेतलीत.
अडीचशे पानं सोप्यावरचे लोक बोलतात,
अंगण कोण झाडतं?
त्याच्या हातात नवं पुस्तक, परभणीहून पार्सलनं आलेलं.
त्यात झाडणारीच बोलते, शिव्या देते,
आणि मध्येच तीन पानं गप्प राहते.
‘हे काय लेखन झालं?’
‘वॉर्डात बायका अशाच सांगतात,’ हेमलता गावित म्हणते,
रात्रपाळी करून न झोपता आलेली.
‘आधी शिवी. मग गप्प. दुखतं कुठं ते शेवटी.’

पोहे गार झालेत. बाहेरचं ऊन असं
की त्याला उपमा द्यायच्या भानगडीत
आमच्यातलं कुणी पडत नाही.

मुश्ताक तांडेल दाराशी बसतो. शुऐबा बंदरात टगवर असतो.
शाळा उर्दूतून झाली, म्हणून आपली अक्षरं
तो दोर धरून चालावं तशी वाचतो.
ही कादंबरी पाच महिने वाचली त्यानं,
पण सांडलं काही नाही.
आज त्यानं हात वर केला, वर्गात करतात तसा.
‘त्या काकाचा फुडं काय झाला?’
कोण काका?
‘पैसे धाडतो तो.’

आम्ही दोनदा-तीनदा वाचलेले,
केंकऱ्यांनी तर कॉलेजात शिकवलेली.
काका कुणालाच आठवेना.
त्यानं पुस्तक उघडून बोट ठेवलं:
बसऱ्याच्या काकांची मनीऑर्डर त्या महिन्यात उशिरा आली.
एवढंच. पुढच्या ओळीत बैठकीतला कंदील लागतो
आणि काका पुन्हा येत नाहीत.

‘मोठ्याची फी भरली. पोरीचा लगीन झाला. माडी चढली.
आनि तो मेला का जिता, कुनी लिवला नाय.’

केंकऱ्यांनी चष्मा काढला.
तो कथेचा विषयच नाही, असं म्हणाले,
आणि म्हणता म्हणता थांबले.
बसरा इथून उत्तरेला, गाडीनं दोन-अडीच तास,
मध्ये सीमा आहे म्हणून लांब.

संघरत्न नवं पुस्तक भराभरा चाळू लागला,
तिथं तरी असेल म्हणून.
होता. पान एकशे सात. दुबईचा मामा
सुट्टीत येतो, अत्तराचा वास येतो, बॅगेचं वजन येतं,
मग विमान.
‘दोन परिच्छेद,’ तो म्हणाला. ‘एका ओळीवरून
दोन परिच्छेदांवर आलो आपण.’
कुणीतरी हसलं. मीच असेन.

मग कादंबरी बाजूला राहिली.
तांडेल म्हणाला, खजुराच्या वखारीत असेल तो,
माझा आजा होता तसा,
गच्चीवर चादर भिजवून झोपत असेल.
पाय सुजत असतील, हेमलता म्हणाली, कुणाला दाखवले नसतील.
आणि केंकरे म्हणाले, होय, केंकरे,
की मनीऑर्डर उशिरा आली
कारण त्या महिन्यात त्यानं स्वतःसाठी काहीतरी घेतलं.
काय घेतलं?
बूट. छे, घड्याळ. छे, पुस्तक.
यावर पावणेसातपर्यंत भांडण झालं,
इतकं की खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाई
वर येऊन बघून गेल्या.

पुस्तक तांडेलनं आणखी एक महिना मागून नेलं.

मी यंदा एक तारखेचे पैसे चार तारखेला धाडले.
घरून कुणी कारण विचारलं नाही.
नवी चप्पल घेतली होती, निळ्या पट्ट्याची.
पुढच्या शुक्रवारी केंकऱ्यांनी ती
दारात दोन्ही हातांनी सरळ लावली,
आणि वर बघून म्हणाले,
छान आहे.